भीती वाटते तरी देवाजवळ कसं राहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सलाम सगळ्यांना. मी सोलापूरची, शाळेत शिकवून रिटायर झाले, आणि बरीच वर्षं आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांबरोबर दर बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनेला जाते. तिथे शास्त्रपाठ होतो, गीत होतं, चहा होतो, आणि मग सगळ्या निघाल्या की चप्पल घालता घालता एखादी दारात रेंगाळते आणि मनातलं खरं तिथे बोलते. बाई, मला फार भीती वाटते हो, माझा विश्वासच नाही का मग? हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय, पुरुषांकडूनही, कॉलेजच्या पोरांकडूनही, की शेवटी एकदा सगळं लिहून काढायचं ठरवलं. मी पाळक म्हणजे चर्चची धर्मगुरू नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही, वचनं वाचत आणि घाबरत घाबरतच इथवर आलेली बाई आहे. कुठे शंका वाटली तर आपल्या पाळकसाहेबांना जरूर विचारा.

भीती वाटते म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते कारण या एका गैरसमजाने किती माणसं आतल्या आत कुढतात ते मी बघितलंय. प्रेषित पौलापेक्षा जास्त विश्वासाचा माणूस कोण सांगणार, आणि तोच करिंथच्या लोकांना लिहितो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, घाबरलेलो होतो, थरथर कापत होतो (1 करिंथ 2:3). दुसऱ्या पत्रात तर म्हणतो बाहेर भांडणं आणि आत भीती (2 करिंथ 7:5). त्याने हे लपवलं नाही, पत्रात लिहून पाठवलं, आणि ते पत्र आज आपण चर्चमध्ये उभं राहून वाचतो.

स्तोत्र 56 बघा. त्याच्या वर लिहिलंय की पलिष्ट्यांनी दाविदाला गथ गावात धरलं तेव्हाचं हे. तिसऱ्या ओवीत तो काय म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. मला भीती वाटणारच नाही असं तो म्हणत नाही हो. भीती आणि भरवसा एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेत, आणि आपण मात्र समजतो की एक आत आला की दुसरा बाहेर गेलाच पाहिजे.

मग आपण देवापासून लांब जातो ते कशामुळे?

माझं मत विचाराल तर लपल्यामुळे. बायबलमध्ये भीती हा शब्द माणसाच्या तोंडी पहिल्यांदा येतो तो उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, आदाम म्हणतो मी भ्यालो आणि लपलो. पाप तर घडलेलंच होतं, पण पुढे देव काय करतो बघा, झाडांत लपलेल्या आदामाला तो हाक मारतो, तू कुठे आहेस? देवाला काय माहीत नव्हतं का तो कुठे आहे? पण लपलेल्याने स्वतः बोलावं, मी इथे आहे, मी घाबरलोय, असं म्हणावं यासाठी ती हाक होती असं मला वाटतं, आणि ती हाक अजून चालूच आहे.

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही, वडिलांकडून कळलं. दादा मिलमध्ये होते. जुन्या सोलापूरकरांना भोंगा माहीत असेल, त्या भोंग्यावर आख्खं घर चालायचं, आईचा स्टोव्ह, आमची शाळा, सगळं. मग मिल बंद पडली. बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा नेहमीच्याच वेळेला उठले, आंघोळ केली, शर्ट घातला, चप्पल घातली आणि ओट्यावर जाऊन बसले. हातात रिकामा डबा होता, सवयीने घेतलेला, पितळी कडीचा. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने ते आत आले, आम्हा भावंडांना बसवलं, आणि दादा, जे कधी कुणासमोर डगमगले नाहीत, ते डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, मला भीती वाटते. पोरांचं कसं होणार मला कळत नाही." बस, एवढंच. पुढे काही सुचलं नाही त्यांना. आई म्हणाली "आमेन" आणि उठून तवा ठेवला.

त्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. दादा पुढे एका कारखान्यात चादरींच्या घड्या घालायला लागले, आई शिवणकाम करायची, ओढाताण बरीच वर्षं होती. पण त्या घरात देवाशी खोटं बोलायची गरज नाही हे आम्हा पोरांना कायमचं कळलं. मी आजपर्यंत शेकडो प्रार्थना ऐकल्या असतील, मोठमोठ्या वक्त्यांच्या पण ऐकल्या, पण त्या दोन वाक्यांसारखी नाही.

बायबलमध्ये "भिऊ नको" 365 वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, हे खरं आहे का?

व्हॉट्सअॅपवर फिरतं हे, बॅनरवर पण छापतात. मोजायला गेलं तर तसा बरोबर आकडा निघत नाही, त्यामुळे मी कुणाला सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नका, कारण उद्या एखाद्या पोराने मोजून बघितलं तर त्याचा बाकीच्या वचनांवरचाही भरवसा उडायचा. पण खूप वेळा आहे हे शंभर टक्के खरं. आणि संख्येपेक्षा मला एक गोष्ट जास्त मोलाची वाटते, की बहुतेक ठिकाणी "भिऊ नको" ला पुढे एक कारण जोडलेलं असतं. यशया 41:10 मध्ये तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे. यहोशवा 1:9 मध्ये पण तेच, तू जाशील तिथे तुझा देव परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. संकट येणार नाही असं कारण देव देत नाही. मी आहे, एवढंच कारण देतो. लहान मूल अंधारात रडत असलं तर आई काय सांगते, अंधार नाहीये असं सांगते का? मी आहे ना, असंच म्हणते.

एकीकडे "परमेश्वराचे भय" धरा म्हणतात आणि एकीकडे "भिऊ नका", मग नक्की काय करायचं?

हा गोंधळ मराठीत जास्तच होतो कारण दोन्हीकडे आपण भय हाच शब्द वापरतो. नीतिसूत्रे 1:7 मध्ये परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ म्हटलंय तिथे आदर आहे, देव देव आहे आणि मी माणूस आहे याची जाणीव आहे. पोलिसाला बघून पळणाऱ्याचं भय ते नाही. स्तोत्र 103:13 मध्ये तर सरळ म्हटलंय की बाप जसा मुलांवर ममता करतो तसा परमेश्वर आपलं भय धरणाऱ्यांवर ममता करतो. म्हणजे भय धरणारा माणूस तिथे बापाच्या मांडीजवळ आहे. साधी खूण सांगते, ज्या भयाने तुम्ही गुडघ्यावर येता ते चांगलं, आणि ज्याने तुम्ही प्रार्थना टाळायला लागता, चर्चला जायला नको वाटायला लागतं, ते देवाकडचं नव्हे.

"देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही" हे वचन लोक सारखं ऐकवतात, मला अजूनच वाईट वाटतं. काय करू?

ऐकवणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण हे वचन (2 तीमथ्य 1:7) कुणी कुणाला लिहिलं ते बघा. पौल तुरुंगात आहे, आणि तो तरुण तीमथ्याला लिहितोय ज्याचे अश्रू त्याला आठवतात, तीन ओव्या आधीच ते लिहिलंय. रडणाऱ्या पोराला प्रेमाने पाठीवर हात ठेवून सांगितलेलं वाक्य आहे ते, डोक्यात मारायला दिलेलं नाही. आणि तिथला मूळ शब्द भ्याडपणाचा आहे, म्हणजे भीतीपायी साक्ष, ख्रिस्ताबद्दल उघडपणे सांगणं, सोडून पळणं. छाती धडधडणं, घाम येणं, झोप न लागणं याला भ्याडपणा म्हणत नाहीत. धडधडत्या छातीने ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करणारी बाई भ्याड असते का?

तसंच "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" (1 योहान 4:18). त्याच्या आधीची ओवी वाचा, तिथे न्यायाच्या दिवसाबद्दल चाललंय. देव मला टाकून देईल का, मला शिक्षा करील का, ती भीती त्याची प्रीती घालवते. झुरळाची, रिपोर्टची, पोराच्या गाडी चालवण्याची भीती राहिली म्हणून तुमच्यात प्रीती नाही असं योहान म्हणत नाहीये.

मी हाक मारते तेव्हा देव गप्प का असतो?

याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही आणि ज्याच्याकडे आहे असं कुणी म्हणत असेल त्याचं मला जरा अवघड वाटतं. पण मार्क 4 मधली वादळाची गोष्ट मी परत परत वाचते. येशू नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय, नाव पाण्याने भरतेय, आणि शिष्य त्याला उठवून जे म्हणतात ते काही गोड प्रार्थना नाही, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का असं ते थेट म्हणतात. तक्रारच आहे ती. आणि तो काय करतो? मार्कच्या सांगण्यात तो आधी वाऱ्याला धमकावतो, मग त्यांना विचारतो की तुम्ही असे का घाबरलात. आधी समुद्र शांत, बोलणं नंतर. मला यात फार दिलासा मिळतो.

आणि एक, ते झोपलेल्या येशूला सोडून दुसऱ्या नावेत गेले नाहीत. ओरडले पण त्याच्यावरच ओरडले. स्तोत्र 13 वाचा, सहाच ओव्यांचं आहे, पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "किती वेळ" विचारलंय. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही, तरी ते देवाच्या शास्त्रात आहे. म्हणजे असं बोलायला परवानगी आहे बायांनो, छापील परवानगी आहे.

प्रार्थनेला शब्दच येत नाहीत, नुसतं सुन्न होतं. मग काय?

मिस्टरांचं हार्टचं ऑपरेशन झालं तेव्हा माझं असंच झालं. इतकी वर्षं बुधवारी प्रार्थना चालवणारी मी, आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून मला "स्वर्गातील पित्या" च्या पुढे येईना. फरशा मोजत होते, एका ओळीत चौदा होत्या, पुन्हा पुन्हा मोजल्या. शेजारी अक्कलकोटकडची एक बाई होती, तिचा मुलगा आत होता, ती कानडी बोलायची आणि मला कानडी येतं ते बाजारापुरतं. दुपारी तिने फडकं सोडलं, कडक भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातात ठेवली, वर शेंगाची चटणी. मी नको म्हटलं, तिने ऐकलंच नाही, "तिन्नु", म्हणजे खा, असं काहीतरी म्हणाली आणि मी खात नाही तोवर बघत बसली. ती भाकरी खाताना मला रडू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर खूप दिवसांनी 1 राजे 19 वाचत होते. एलीया, एवढा मोठा संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, रानात झुडपाखाली पडतो आणि म्हणतो पुरे झालं, मला मरू दे. देव त्याला रागावत नाही, भाषण देत नाही. तो झोपतो, देवदूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं. खातो, परत झोपतो. परत उठवतो, परत खायला लावतो, कारण पुढचा रस्ता फार लांबचा आहे म्हणतो. ते वाचताना माझ्या डोळ्यासमोर ती अक्कलकोटची बाई आली.

शब्द येत नसतील तर येऊ देऊ नका. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात (8:26) लिहिलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं पण चालतं तिथे. आणि अगदीच काही हवं असेल तर पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये शेकडो वर्षांपासून एक छोटी प्रार्थना म्हणतात, श्वास आत घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा" आणि सोडताना "माझ्यावर दया कर". मी ती लिफ्टमध्ये म्हणते, बँकेच्या लाइनीत म्हणते.

तीच तीच गोष्ट रोज मागितली तर देवाला अविश्वास वाटेल का?

गेथशेमाने बागेत, धरला जाण्याच्या रात्री, येशूने तेच शब्द तीन वेळा म्हटले (मत्तय 26:44). पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या एका त्रासासाठी, तीन वेळा विनंती केली. त्यांचं चालतं तर आपलं पण चालतं. आणि गेथशेमानेचं विसरू नका, तिथे प्रत्यक्ष प्रभू व्याकूळ झाला होता, पालथा पडला होता, मित्रांना म्हणत होता माझ्याबरोबर जागे राहा. इतकं साधं मागणं. जवळ बसा म्हणून सांगण्यात कमीपणा नाही, त्यानेही सांगितलं.

माझ्यावर संकट आलं म्हणजे देव मला शिक्षा देतोय का? एका सभेत सांगितलं की दशांश (कमाईचा दहावा भाग) दिला नाही म्हणून आजार आला.

हे ऐकलं की माझा जीव तळमळतो. आजारी माणसाला आधीच भीती असते, त्यात हे घालायचं? संकटांनी पिचलेल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं, पानंच्या पानं त्याला समजावलं की तुझंच काहीतरी चुकलंय, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला, माझ्याविषयी तुम्ही ठीक बोलला नाहीत म्हणाला (ईयोब 42:7). जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, तर प्रभू म्हणाला दोघांचंही नाही (योहान 9:3). दान आनंदाने द्यायचं असतं. भीती दाखवून जे मागतात त्यांच्या सभेला मी जात नाही आणि माझ्या ओळखीच्या बायकांनाही नका जाऊ सांगते. कशाबद्दल मन खात असेल तर देवाकडे कबूल करा, तो क्षमा करतो, 1 योहान 1:9 त्यासाठीच आहे. पण कॅन्सरची गाठ म्हणजे पावती नव्हे.

करणी, भानामतीची भीती वाटते. ख्रिस्ती झालो तरी घरात कुणी लिंबू टाकलं की पोटात गोळा येतो.

आपल्या भागात, सीमेकडच्या गावांत ही भीती पिढ्यान्पिढ्या आलीये, ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात एका दिवसात विरघळत नाही, त्यात लाजू नका. रोमकरांस पत्र 8:38-39 मोठ्याने वाचा, अधिपती, बलं, उंची, खोली, कुठलीच गोष्ट देवाच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकत नाही. लिंबू उचला, कचऱ्यात टाका, हात धुवा, प्रार्थना करा, जेवायला बसा. आणि उतारा करतो म्हणून पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका, मग तो बायबल हातात धरून आलेला का असेना. भूत काढतो म्हणून कुणी मारहाण करत असेल, चटके देत असेल तर आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलिसात जा.

डॉक्टरकडे गेलो, गोळ्या घेतल्या तर देवावर विश्वास नाही असं होईल का?

अजिबात नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो (कलस्सै 4:14). आमच्याकडे शुगरची गोळी घेताना कुणाला पाप वाटत नाही, मग मनाच्या आजाराची गोळी घेताना का वाटावं? अचानक छाती धडधडून श्वास अडकणं, महिनोन् महिने झोप नाही, घराबाहेर पडवत नाही, मरून जावं असं सारखं वाटणं, हे असेल तर प्रार्थना करा आणि डॉक्टरला दाखवा, दोन्ही. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, 14416 नंबर, फोन फ्री आहे, मराठीत बोलतात. आणि पाळकसाहेबांना, लीडर लोकांना माझी हात जोडून विनंती आहे, कुणाच्या चालू गोळ्या प्रार्थनेच्या नावाखाली बंद करायला सांगू नका.

घरात मी एकटीच विश्वासात आहे, सगळ्यांची भीती वाटते. लपून प्रार्थना केली तर चालेल का?

चालतं. यहुद्यांचा पुढारी निकदेम रात्रीच आला होता प्रभूकडे, प्रभूने त्याला दिवसा ये म्हणून परत पाठवलं नाही. आधी मी लपणं वाईट म्हटलं ते देवापासून लपणं, माणसांपासून थोडं जपून राहणं वेगळं. स्वयंपाक करताना मनात बोला. सासूशी भांडून साक्ष देऊ नका, तिचे पाय दुखत असतील तर चेपून द्या, सणाला घरात राबा, प्रेमात कमी पडू नका. फक्त एक तरी बहीण मंडळीत अशी ठेवा जिला फोन करता येईल, एकटं एकटं राहून भीती फार वाढते.

मरणाची भीती वाटते. ख्रिस्ती माणसाला वाटायला नको ना?

मित्र लाजराच्या कबरेजवळ येशू रडला, दोन मिनिटांत त्याला उठवणार हे माहीत असून रडला. मरण ही साधी गोष्ट नाही हे त्याला ठाऊक होतं.

स्तोत्र 23 आपल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच त्यातली एक गोष्ट सुटून जाते. सुरुवातीला दावीद देवाबद्दल बोलतो, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत मृत्यूच्या छायेची दरी येते आणि तिथून शब्द बदलतो, "तू माझ्याबरोबर आहेस". कुरणात होता तोवर "तो", दरीत उतरला तसा "तू". आमच्या मंडळीतल्या एका आजींजवळ शेवटच्या दिवसांत बसले होते, त्यांना बाकी काही आठवत नव्हतं, मुलगी पण ओळखू येत नव्हती, पण मी हे स्तोत्र सुरू केलं की त्या ओठ हलवायच्या आणि "तू" आला की माझा हात दाबायच्या.

आपल्याकडच्या कुणाचं उदाहरण सांगता येईल का?

पंडिता रमाबाई. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागतं, तिथे त्यांचं मुक्ती मिशन आहे, मी खिडकीतून दरवेळी बघते. जन्म 1858 चा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले, भावाबरोबर उपाशीपोटी देशभर पायी फिरल्या, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्त स्वतःचा म्हणून भेटायला त्यानंतरही काही वर्षं गेली असं त्यांनीच सांगून ठेवलंय, हे मला फार जवळचं वाटतं, कारण आपण समजतो मोठ्या माणसांचं सगळं एका दिवसात झालं. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः दुष्काळी भागात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. भूक काय करते हे ज्या बाईने अंगावर झेललं होतं ती परत त्याच दुष्काळात शिरली, तेव्हा तिला काय काय आठवलं असेल. शेवटी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, 1921 मध्ये मनोरमा पण गेली, तरी काम पूर्ण केलं आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या.

रोजच्या रोज काय करायचं म्हणजे भीतीच्या वेळी आधार मिळेल?

आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही हे कुणाला सांगायला नको. पाणी येतं त्या दिवशी आपण काय करतो, टाकी, बॅरल, हंडे, कळशा, पार भगोनी सुद्धा भरून ठेवतो. वचनांचं तसंच करा. मन शांत आहे त्या दिवसांत पाठ करून ठेवा, कारण भीती येते तेव्हा पुस्तक उघडून शोधायची ताकद नसते, जे भरून ठेवलंय तेच निघतं. एकदम मोठं काही नको. स्तोत्रं 150 आहेत, रोज पाच वाचली तर महिन्यात सगळी होतात, पाच जमत नसतील तर एक वाचा. मोठ्याने वाचा. उपासना संगीत या आपल्या गीतपुस्तकातलं एखादं गीत भांडी घासताना म्हणा. आणि रविवार चुकवू नका, मन नसलं तरी जाऊन मागच्या बाकावर बसा, आपला आवाज निघत नाही तेव्हा बाजूचे गातात ना, ते आपल्यासाठी पण गात असतात.

रात्री तीन वाजता जाग येते आणि सगळं अंगावर येतं. तेव्हा नेमकं काय करू?

मोबाईल हातात घेऊ नका, हे आधी. उठून बसा, पाणी प्या. ज्याची भीती वाटते त्याचं नाव घेऊन सांगा, गोलगोल नको, "प्रभू, मला उद्याच्या रिपोर्टची भीती वाटते", "प्रभू, पोरगा परत एमपीएससीत राहिला तर काय करील याची भीती वाटते", असं. मग मत्तय 14 आठवा. शिष्य नावेत, वारा उलटा, आणि येशू पाण्यावरून चालत त्यांच्याकडे आला तो रात्रीच्या चौथ्या प्रहरी, म्हणजे पहाटे तीन ते सहाच्या मधे. तुम्ही जागे आहात तीच वेळ. ते आधी त्यालाच भूत समजून ओरडले. पेत्र उतरला, चालला, वारा बघून भ्याला, बुडायला लागला आणि "प्रभुजी, मला वाचवा" एवढंच म्हणाला, पुढे आमेन म्हणायला पण सवड नव्हती. तिथे लिहिलंय येशूने तत्क्षणी हात पुढे करून त्याला धरलं. अल्पविश्वासी का झालास हे त्याने विचारलं, पण हात धरल्यावर विचारलं.

एवढं म्हणून परत आडवे व्हा. झोप लागली तर लागली, नाही लागली तर अंगावरची चादर नीट ओढून घ्या आणि तेवढेच तीन शब्द म्हणत राहा, बाहेर दूधवाल्याची गाडी वाजेपर्यंत.